मशरूम परतताना पाणी सुटतं, चिवट होतात, तेलही फार लागतं. चूक कुठे होतेय?

चिमूटभर_मीठ

कमी तेलात परतलेले साधे बटण मशरूम करायचे आहेत. बाकी काही नको, लसूण-मिरपूड पुरे. पण पानात येतं ते करडं, पाणचट आणि दातांवर रबरासारखं किरकिरणारं काहीतरी.

कृती अशी आहे: ४०० ग्रॅम पांढरे बटण मशरूम धुऊन ३ मिमीचे काप. २४ सेंमीचा नॉनस्टिक पॅन, मध्यम आच. ३ मोठे चमचे तेल, त्यात आधी ४ पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, मग सगळे मशरूम एकदम, लगेच मीठ, वर झाकण. तेल अर्ध्या मिनिटात गायब होतं म्हणून अजून एक चमचा घालावं लागतं. पाच मिनिटांनी झाकण काढलं की आत वाटीभर पाणी. मग 'जास्त शिजून वातड होतील' या भीतीने गॅस बंद. लसणाचे तुकडे तोपर्यंत निम्मे काळे, निम्मे कच्चट.

नेमके प्रश्न: धुवायचे की फक्त पुसायचे? मीठ कधी? तेल एका चमच्यावर आणता येईल का? आणि झाले हे ओळखायचं कसं?

बीडाचा_तवा

प्रश्न इतका नीट मांडलाय की चुका ओळीने दिसताहेत. मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी.

बटण मशरूममध्ये वजनाच्या जवळजवळ ९२ टक्के पाणी असतं. ४०० ग्रॅममध्ये साधारण ३७० ग्रॅम. चांगले परतलेले मशरूम कच्च्याच्या जेमतेम निम्मे भरतात, म्हणजे १८०-२०० ग्रॅम पाणी वाफ होऊन पॅनबाहेर जायला हवं. एवढं पाणी उकळून उडवायला ४००-४५० किलोज्यूल उष्णता लागते. घरगुती मध्यम शेगडीवरून पॅनला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता ७०० वॉटच्या आसपास धरा. नुसतं पाणी उडवायलाच दहा मिनिटं झाली, आणि सगळं तापवायची दोन-तीन वेगळी. तुम्ही पाचव्या मिनिटाला, तेही झाकण ठेवून, थांबताय. झाकणामुळे वर गेलेली वाफ थेंब होऊन परत आत पडते, म्हणजे ती पाच मिनिटं हिशेबात धरायचीच नाहीत.

पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. खमंग तपकिरी रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. त्यामुळे पाण्यात बुडालेले मशरूम कितीही हलवा, ते उकडले जातात, परतले जात नाहीत.

आता पॅन. २४ सेंमी हे वरच्या काठाचं माप. सपाट तळ त्याहून बराच लहान असतो, बहुतेक पॅनमध्ये १८-१९ सेंमी. त्यात ४०० ग्रॅम म्हणजे तीन-चार थर. तळचा थर पाणी सोडतो, वरचा थर ती वाफ अडवतो. २८-३० सेंमीच्या पॅनमध्ये एका वेळी २५० ग्रॅम, ही मर्यादा पाळा. तुमच्या २४ सेंमीच्या पॅनमध्ये १५० ग्रॅमच्या वर जाऊ नका. ४०० ग्रॅम करायचे तर सरळ तीन घाणे काढा. वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण एकदम टाकून पाणी आटायची वाट बघण्यापेक्षा फार फरक पडत नाही, आणि हाती येणारा माल चांगला असतो.

चिवटपणाबद्दल एक गैरसमज आहे, तो आधी काढून टाका. मशरूम जास्त शिजून वातड होत नाहीत. भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं म्हणून भाजी गळते. मांसातली प्रथिनं तापली की आक्रसतात म्हणून ते वातड होतं. मशरूमच्या पेशीभित्ती कायटिनच्या असतात आणि कायटिनला स्वयंपाकघरातली उष्णता फारसं काही करत नाही. म्हणून मशरूम पाच मिनिटं जास्त शिजले तरी चव-पोत टिकतो. दातांवर किरकिर होते ती अर्ध्या वाटेवर, तुकडा गरम पाण्याने भरलेला असताना. तुम्ही नेमकं तिथेच गॅस बंद करताय. ही भीती सुटली तर निम्मा प्रश्न सुटला.

मंद_आच

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. तेलाचा मुद्दा राहिलाय, तो मी घेतो/घेते (नाव बघून काय ते ठरवा).

कच्चा मशरूम कापून उजेडात धरा. आत अतिशय बारीक तंतूंचं जाळं आणि मध्ये हवा. स्पंजच तो. कच्चा तुकडा तेलात पडला की ते या पोकळ्यांत शिरतं. पॅन कोरडा दिसतो म्हणून आपण आणखी ओततो. पुढे उष्णतेने जाळं खाली बसतं, पोकळ्या मिटतात आणि प्यायलेलं तेल बाहेर येतं. पानात जे तेल उतरतं ते हेच.

म्हणून क्रम उलटा करा. आधी पाण्याने जाळं बसवायचं, तेल नंतर.

२५० ग्रॅम मशरूम, २८ सेंमीचा पॅन. मशरूम आणि ३ मोठे चमचे (४५ मिली) पाणी थंड पॅनमध्येच एकत्र घाला, वर पाव छोटा चमचा मीठ (साधारण दीड ग्रॅम), आणि आच मोठी करा. तेलाचा थेंबही नको. पाणी सुटतं म्हणून रडतोय आणि वर आणखी पाणी घालायचं हे विचित्र वाटेल, पण सुरुवातीची वाफ लगेच सगळ्या तुकड्यांना मिळते, ते सारखे बसतात, आणि स्वतःचं पाणी सुटायच्या आत तळचे तुकडे करपत नाहीत. झाकण ठेवायचंच असेल तर ते इथे, फक्त पहिली दोन मिनिटं. त्यानंतर झाकण कपाटात.

पुढे कानाने स्वयंपाक करा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मशरूम निम्म्यावर येतात आणि पॅनमध्ये करडं पाणी बुडबुडत असतं. हीच घाबरायची जागा. आच कमी करू नका. सहाव्या ते आठव्या मिनिटाच्या दरम्यान बुडबुड थांबते, क्षणभर शांतता होते आणि बारीक चरचर सुरू होते. उलथनं तळावरून ओढलं तर मागे ओली रेघ राहत नाही. आता आच मध्यम, आणि एक छोटा चमचा (५ मिली) तेल. हात जमल्यावर अर्धा चमचाही पुरतो, कारण तेल आता आत शिरत नाही, तुकड्यांवर आणि पॅनवर पातळ थर होऊन राहतं.

तेल घातल्यावर पसरून ठेवा आणि ४०-५० सेकंद हात मागे. सतत ढवळलं तर कुठलीच बाजू तळाला पुरेशी टेकत नाही. मग उलटा, पुन्हा तेवढंच थांबा. एकूण ३ ते ५ मिनिटं. कडा गडद तपकिरी, मधला भाग सोनेरी, आणि ओल्या मातीचा वास जाऊन भाजलेल्या दाण्यांसारखा वास येतो.

शंका असेल तर वजन करा. २५० ग्रॅमचे १२५ ते १४० ग्रॅम राहिले की झाले. १७०-१८० असतील तर अजून पाणी आहे.

आटत आलेलं पाणी ओतून टाकू नका. घाईत हा मोह होतो, पण चवीचा मोठा भाग, पोटॅशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात. खरंच घाई असेल तर ते वाटीत काढून सूपमध्ये घाला, मोरीत नको.

सुरी_आणि_पाट

धुण्याबद्दल. धुवा, बिनधास्त.

'मशरूम पाणी पितात' हे अर्धसत्य आहे. अखंड मशरूम वाहत्या पाण्याखाली पटकन धुतले तर पाव किलोमागे साधारण चमचाभर पाणी लागतं. ज्या पदार्थात आधीच २३० ग्रॅम पाणी आहे तिथे हा चमचा कोण मोजणार? मात्र अखंड असतानाच धुवा. कापल्यावर धुतले तर कापलेल्या तोंडातून आणि छत्रीखालच्या पाकळ्यांतून पाणी आत जातं. धुऊन ठेवूनही देऊ नका, एका दिवसात बुळबुळीत होतात. धुवा, कापडावर टिपा, चिरा, पॅनमध्ये.

तुमचा ३ मिमीचा काप मात्र फार पातळ आहे. शिजल्यावर कागद होतो. काप ६ मिमीच्या खाली नकोत. लहान मशरूम असतील तर काप करण्यापेक्षा चार फाका करणं सोपं. फाकेला दोन सपाट बाजू मिळतात, त्या तळाला नीट टेकतात आणि मध्ये रसदारपणाही राहतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडे सारखे हवेत. एक ३ मिमी आणि एक १० मिमी असला तर एक करपेल तेव्हा दुसरा किरकिरत असेल.

देठ टाकू नका. बटण मशरूमच्या देठाचं सुकलेलं टोक २-३ मिमी उडवलं की बाकी सगळं खाण्याजोगं असतं. वरची साल सोलणं हा निव्वळ रिकामा उद्योग.

चिमूटभर_मीठ

खूप आभार. कायटिनचं माहीत नव्हतं. उपप्रश्न: मंद_आच यांनी मीठ सुरुवातीला घातलंय, पण 'मीठ शेवटीच घालायचं, नाहीतर पाणी सुटतं' असं सगळीकडे वाचायला मिळतं. दुसरं, लसूण कधी? आणि लोखंडी किंवा बिडाचा पॅन चालेल का?

बीडाचा_तवा

मिठावरून लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. पाणी मीठ घातलं तरी सुटणार, नाही घातलं तरी सुटणार. मीठ फक्त ते लवकर बाहेर ओढतं. त्यामुळे उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे. पाण्याने सुरुवात करणार असाल तर जाळं लवकर बसायला हवंच आहे, म्हणून मीठ आधी. पॅन कडकडीत तापवून, एक थर पसरून थेट रंग आणायचा असेल (यात २५० ग्रॅमला किमान एक मोठा चमचा तेल जातं) तर मीठ रंग आल्यावर. या दुसऱ्या पद्धतीत कडा जास्त कुरकुरीत होतात हे मान्य करायला हवं, पण तुम्हाला तेल कमी हवंय, म्हणून पहिलीच घ्या.

मिठाची खरी चूक वेळेची नसते, प्रमाणाची असते. कच्च्या ढिगाकडे बघून मीठ घातलं जातं आणि तो ढीग शिजून निम्मा होतो. मीठ तेवढंच राहतं. दीड ग्रॅम मीठ १४० ग्रॅम तयार मशरूममध्ये जवळजवळ एक टक्का होतं, तेवढं भरपूर आहे. सोया सॉस घालणार असाल तर मीठ निम्म्यावर आणा, एका छोट्या चमच्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

आधी लसूण परतून मग बाकीचं टाकायची हाताला सवय असते, ती इथे नडते. मशरूमला १०-१२ मिनिटं लागतात, बारीक चिरलेल्या लसणाला एक मिनिटसुद्धा लागत नाही. मशरूम पूर्ण तपकिरी झाले की ते कडेला सारा, आच मंद करा, मधल्या मोकळ्या जागेत पाव चमचा तेल आणि दोन पाकळ्या बारीक चिरून घाला. ३०-४० सेकंदांत वास सुटला की सगळं एकत्र करा. लसूण तपकिरी व्हायची वाट बघायची नाही, फिकट सोनेरी झाला की पुरे. ठेचलेला लसूण चिरलेल्यापेक्षा लवकर करपतो, तळाला चिकटतो आणि कडू होतो. पॅनमध्ये पाणी असताना लसूण घातला तर तो करपत नाही, पण उकडतो आणि कच्चट वास मागे राहतो. तुमच्याकडे काळे आणि कच्चट असे दोन्ही निघाले, कारण निम्मा तेलात सापडला आणि निम्मा पाण्यात.

मिरपूड सगळ्यात शेवटी, ताजी कुटून. लोणी हवं असेल तर ५ ग्रॅम, गॅस बंद केल्यावर. सुरुवातीपासून लोण्यात परतलं तर त्यातला दुधाचा अंश जळतो आणि काळे कण येतात.

बिडाचा पॅन रंगासाठी उत्तम, उष्णता धरून ठेवतो. फक्त दोन गोष्टी. मशरूममधल्या द्रव्यांची लोखंडाशी गाठ पडली की रंग काळपट येतो, चव बिघडत नाही पण दिसायला गडद दिसतात. आणि लिंबू त्या पॅनमध्ये पिळू नका, पानात पिळा, नाहीतर धातूची चव उतरते. अर्ध्या चमच्या तेलात करायचं तर नॉनस्टिक सोपा पडतो. पण तो रिकामा मोठ्या आचेवर तापवत ठेवायचा नसतो. पाण्याने सुरुवात करायच्या पद्धतीत तो धोका आपोआप टळतो. स्टीलच्या पॅनला तळाशी तपकिरी थर चिकटतो, तो घासून टाकू नका. दोन चमचे पाणी घाला, लाकडी उलथन्याने खरवडा, अर्ध्या मिनिटात तो रस मशरूमवर चढतो. बिनतेलाची सगळ्यात चांगली चव तीच. थर काळा झाला असेल तर मात्र खरवडू नका, कडवटपणा सगळीकडे पसरेल.

उष्मांक

आकड्यांची हौस आहे म्हणून लिहितो. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये सुमारे २२ किलोकॅलरी, ३ ग्रॅम प्रथिनं, १ ग्रॅम तंतू, ३०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. ४०० ग्रॅमचे झाले साधारण ९०. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० किलोकॅलरी असतात. मूळ कृतीत चार चमचे, म्हणजे ४८०. मशरूम हे त्यात नावापुरतेच! पाण्याच्या पद्धतीने ४०० ग्रॅमला दोन छोटे चमचे तेल धरलं तर ८०. सगळं मिळून १७०, आणि ते दोघांत वाटलं जाणार.

प्रथिनांचा आकडा वाचून हुरळू नका. १०० ग्रॅमला ३ ग्रॅम हे भाजीच्या मानाने चांगलं आहे, डाळीची किंवा अंड्याची जागा घेण्याइतकं नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल: अंधारात वाढवलेल्या मशरूममध्ये ते नगण्य असतं. पण त्यांच्यात अर्गोस्टेरॉल असतं आणि त्याचं अतिनील किरणांनी ड२ होतं. काप करून दुपारच्या थेट उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवले तर तोडल्यानंतरही ते तयार होतं. काचेच्या खिडकीआड ठेवून उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते. परतल्याने बराचसा भाग टिकतो. 'मशरूममधून बी१२ मिळतं' हे मात्र धरून चालू नका. बटण मशरूममध्ये ते इतकं थोडं असतं की त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

सुरी_आणि_पाट

वरच्यात एक भर. कच्चे मशरूम सॅलडमध्ये घालायची पद्धत मला पटत नाही. कच्च्या बटण मशरूममध्ये अॅगॅरिटिन नावाचं नको असलेलं द्रव्य थोडं असतं, ते शिजवल्याने बरंच कमी होतं. आणि कायटिनची चौकट कच्ची असताना पचायलाही जड.

चिमूटभर_मीठ

आता शेवटचं. बटण सोडून दुसरे मशरूम याच पद्धतीने होतात का? धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आणि शिताके दोन्ही समोर आहेत. आणि मशरूमबरोबर पालक, ढोबळी मिरची घातली तर?

मंद_आच

पद्धत तीच, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

धिंगरी कापू नका, देठाकडून हाताने उभी फाडा, बोटभर रुंद पट्ट्या. खालचा कडक गड्डा तेवढा सुरीने काढा. ती बटणपेक्षा पातळ आणि नाजूक, म्हणून पाणी ४५ मिलीऐवजी २ मोठे चमचे पुरे आणि कोरडी व्हायला ४-५ मिनिटं. तेल घातल्यावर उलथन्याने हलकेच दाबून धरलीत तर कडा सुरेख कुरकुरीत होतात.

शिताकेचे देठ चिवटच राहतात, ते काढून सूपच्या पाण्यात उकळा आणि फेकून द्या. टोप्यांचे ६-७ मिमी काप. हे पूर्ण शिजलेच पाहिजेत. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या शिताकेमुळे काही जणांना एक-दोन दिवसांनी अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसं खाजरं पुरळ येतं. त्यातल्या लेंटिनान नावाच्या द्रव्यामुळे ते होतं आणि पुरेशा उष्णतेने तो धोका जातो. सुके शिताके असतील तर आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळलेलं ते पाणी टाकू नका. सुरुवातीच्या ४५ मिलीच्या जागी तेच वापरा. नुसत्या बटण मशरूममध्येही हे पाणी घातलं तर चव दुपटीने भरते.

पोर्टोबेलो ही बटणचीच पूर्ण वाढलेली आवृत्ती, जात एकच. तपकिरी क्रेमिनीही तीच. पोर्टोबेलोच्या छत्रीखालच्या गडद पाकळ्या चमच्याने खरवडल्या नाहीत तर सगळं शाईसारखं काळं होतं. खायला हरकत नाही, दिसायला मात्र वाईट. एनोकीचे दोऱ्यासारखे देठ दोन मिनिटांत होतात, त्यांना पाणी घालायचंच नाही. पण तेही कच्चे खाऊ नका, त्यांच्यावर लिस्टेरिया जंतू असण्याची शक्यता असते.

भाज्या: मशरूमबरोबर एकदम कधीच घालू नका. पालक स्वतःच ९० टक्क्यांच्या वर पाणी. मशरूम आधी पूर्ण करून ताटलीत काढा. त्याच पॅनमध्ये १०० ग्रॅम पालक मोठ्या आचेवर एक-दीड मिनिट, सुटलेलं पाणी आटलं की मशरूम परत आत घाला. ढोबळी मिरचीच्या १ सेंमीच्या पट्ट्या वेगळ्या, तीन मिनिटं, करकरीत राहतील इतपतच. एकत्र केल्यावर झाकण नको, पुन्हा पाणी सुटेल.

साठवण_डबा

कृतीवर बोलणं झालंय, मी मशरूमच्या तब्येतीवर बोलतो. पॅनमध्ये काय होणार हे बरंचसं फ्रिजमध्ये ठरतं.

घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत मशरूम स्वतःच्याच ओलाव्यात बसतात. पाकीट फोडल्यावर उरलेले कागदी पिशवीत, तोंड सैल दुमडून, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. भाजीच्या बंद खणात ओल जास्त असते, तिथे नको. ४-५ दिवस छान राहतात. थोडे सुकून सुरकुतले तर आनंद माना, पाणी कमी झालंय, रंग लवकर येईल. छत्री उघडून खालच्या पाकळ्या दिसू लागल्या तरी चालतं, चव उलट गडद होते. तपकिरी डाग म्हणजे सफरचंद कापल्यावर पडतात तसलेच. बोटाला बुळबुळीत लागलं, आंबूस किंवा मासळीसारखा वास आला, की मात्र सगळी पिशवी कचऱ्यात. धुऊन बुळबुळ जाते, खराबी जात नाही.

परतून उरलेले दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा. 'मशरूम पुन्हा गरम केले की विषारी होतात' ही भीती फ्रिज नसतानाच्या काळातली. लगेच थंड केलेले मशरूम वाफा येईपर्यंत गरम करून खायला हरकत नाही. गरम करताना उघड्या पॅनमध्ये, कोरडे. मायक्रोवेव्हमध्ये झाकून ठेवलेत तर इतक्या कष्टाने घालवलेला पाणचटपणा परत येईल. फ्रीझरमध्ये ठेवायचे तर परतूनच. कच्चे गोठवले तर आतल्या पाण्याचे स्फटिक जाळं फाडतात आणि बाहेर काढल्यावर चिखल होतो.

चिमूटभर_मीठ

सगळ्यांचे आभार. कृती लिहून घेतली. एक बारीकशी शंका: पावसानंतर अंगणात उगवलेले, अगदी बटणसारखे दिसणारे मशरूम नीट शिजवले तर चालतील का?

साठवण_डबा

नाही. आणि 'नीट शिजवले तर' या शब्दांवरच भरवसा ठेवू नका.

डेथ कॅपसारख्या विषारी जातींमधलं अमॅटॉक्सिन हे विष उकळून, परतून, वाळवून, कशानेही नष्ट होत नाही. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या विषारी जाती लहान असताना हुबेहूब बटण मशरूमसारख्या दिसतात. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मध्ये एखादा दिवस बरं वाटतं आणि तोपर्यंत यकृताची वाट लागलेली असते. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळा होतो का, किड्याने खाल्लाय का, या सगळ्या परीक्षा खोट्या. कोणी चुकून खाल्लेच असतील तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि उरलेला तुकडा ओळख पटवण्यासाठी बरोबर न्या.

परतायला लागवडीचेच घ्या.

मंद_आच

आणि पहिल्या वेळी २४ सेंमीच्या पॅनमध्ये १५० ग्रॅमच करून बघा. पाणी दोन मोठे चमचे, मीठ चिमूटभर (नावाला जागून), तेल अर्धा छोटा चमचा. पाचव्या मिनिटापासून कान पॅनकडे ठेवा. चरचर ऐकू आली की मगच तेलाची बाटली उचला.